उजवीकडचा कापूस

दाढ बाहेर आली तेव्हा आधी मला आनंदच झाला. सात वर्षांच्या मुलीची खालची दुधाची दाढ मी एका दमात, मूळ न मोडता काढली होती. मुलगी रडलीसुद्धा नव्हती. खुर्चीचे हात घट्ट धरून ती वरच्या पंख्याकडे बघत राहिली होती आणि सगळं उरकल्यावर तिनं विचारलं, "झालं व्हय?"

"झालं," मी म्हणाले आणि चिमट्यातली दाढ दिव्यासमोर धरली.

मुळं स्वच्छ होती. दोन्ही टोकापर्यंत शाबूत. ज्या पुवाच्या पिशवीसाठी मी ती दाढ काढली होती, ती पिशवी कुठंच नव्हती.

मी क्लिपला लावलेल्या दोन फिल्मकडे पाहिलं. तेव्हा दातांचे एक्स-रे बोटभर फिल्मवर घ्यायचे आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत हातानं धुवायचे. अशा फिल्मच्या कोपऱ्यात एक बारीक टिंब असतं. एका बाजूनं फुगीर, दुसऱ्या बाजूनं खोलगट. फुगीर बाजू आपल्याकडे ठेवली की पेशंटची डावी ती डावी दिसते आणि उजवी ती उजवी. उलटी धरली की तोंडाची अदलाबदल. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे ठाऊक असतं. मी तर विद्यापीठात दुसरी आले होते, आणि हे सांगायची एकही संधी सोडत नव्हते. मी टिंबावरून बोट फिरवलं. बोटाला खळगा लागला. दुसऱ्या फिल्मवरही खळगाच.

किडकी दाढ डावीकडे होती. मी उजवीकडची काढली होती.

तेवढ्यात कलावतीमावशींनी, म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी, मुलीच्या तोंडात कापसाचा बोळा दिला, "दाबून धर गं बाय," म्हणाल्या आणि तिला हात धरून बाहेर घेऊन गेल्या. बाहेर तिचे वडील बसले होते.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यातली, विट्यातली. विट्याच्या आसपासची घरंच्या घरं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनंचांदी वितळवून शुद्ध करायचं काम. त्यासाठी ही माणसं सेलम, मदुरै, कलकत्ता, कुठं कुठं दुकानं टाकून बसलेली असतात. मे महिन्यात सगळी गावी येतात, लग्नं आणि जत्रा उरकतात, आणि त्यातच आमच्याकडे मुलांच्या दातांची रांग लागते. प्राजक्ता सुर्वे त्याच रांगेतली. तिला दोन्हीकडच्या दाढांत कीड होती. कुठं दुखतं म्हणून विचारलं तर ती आधी एकीकडे बोट दाखवायची, मग दुसरीकडे. म्हणून मी दोन्हीकडचे फोटो काढले आणि बाहेर गर्दी म्हणून घाईघाईनं धुऊन क्लिपला अडकवले.

दवाखाना शेडबाळे मॅडमचा होता. मी तिथं आठ महिन्यांपूर्वी लागले होते आणि दोनेक वर्षांत पुण्यात स्वतःचं थाटणार होते. शेजारच्या खुर्चीवर मॅडम एका आजोबांची कवळी घासून बसवत होत्या. मी ट्रे घेऊन त्यांच्यापाशी गेले.

"मॅडम, जरा येता?"

त्या आल्या. ट्रेमधली दाढ पाहिली. फिल्म क्लिपवरून काढली, टिंबावरून अंगठा फिरवला, उलटी केली आणि परत लावली. या सगळ्यात त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, याबद्दल मी अजून त्यांची ऋणी आहे.

"किडकी आतच आहे अजून," त्या म्हणाल्या.

"हो."

"रक्त थांबलंय?"

"हो. मावशींनी कापूस दिलाय."

"मग पोरीचं आत्तापुरतं ठीक आहे. आता बापाचं बघायचं."

"मॅडम, उजवीतही कीड होतीच."

"भरण्याएवढी होती. काढण्याएवढी नाही."

"पण होती ना. दोन्ही काढायच्याच होत्या असं सांगितलं तर? डावी नाहीतरी काढायचीच आहे. दुधाचे दात आहेत, कुणाला काही कळणार नाही. आणि खरं सांगितलं आणि ते चिडून पोरीला घेऊन गेले तर? पुढच्या शनिवारी ते सेलमला जाणार आहेत. पुवानं भरलेली दाढ वर्षभर तशीच राहील. खालच्या नव्या दाताचं वाटोळं होईल."

हे माझ्या तोंडून चुकून निघालं नव्हतं. दाढ दिव्यासमोर धरल्यापासून मॅडमच्या खुर्चीपर्यंत यायला जी चार पावलं लागली, तेवढ्यात मी ते पाठ केलं होतं. वर मुलीच्या भल्याचं म्हणून त्याला छान वेष्टनही घातलं होतं.

मॅडमनी चष्मा काढून पदराला पुसला. "कळणार नाही हे खरंय," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून असं दोनदा झालंय. एकदा सांगितलं. एकदा नाही सांगितलं."

"मग काय झालं?"

"काही नाही. त्या माणसाचं घर बसस्टँडच्या रस्त्यावर आहे. चौदा वर्षं मी मागच्या गल्लीनं घरी जाते."

मला ते माहीत होतं. म्हणजे मॅडम रोज संध्याकाळी गटाराच्या कडेनं, डुकरं चुकवत मागच्या गल्लीनं जातात हे सगळ्या विट्याला माहीत होतं. लोकांना वाटायचं बाईंना गर्दी आवडत नाही.

"त्यांना मी सांगू शकते," मॅडम म्हणाल्या. "दवाखाना माझा आहे, ते माझं ऐकून घेतील. पण दाढ तू काढलीस. बघ काय ते. मी आहे तुझ्याबरोबर."

मी दारातून मावशींना खूण केली.

अधिकराव सुर्वे मुलीला कडेवर घेऊनच आत आले. चाळिशीचा, उंच, पांढऱ्या शर्टातला माणूस. बोटांची टोकं तेजाबानं पिवळी पडलेली. प्राजक्ताचा गाल कापसानं फुगला होता आणि ती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून मजेत होती. मॅडमनी खुर्ची दिली, तरी ते बसले नाहीत.

"बसा ना," मी म्हणाले.

"बोला म्याडम. हुबाच बरा हाय."

मी ट्रे त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. "माझ्या हातून चूक झालीय. मी फोटो उलटा बघितला. डावीकडची दाढ काढायची होती, मी उजवीकडची काढली. ही दाढ थोडी किडकी होती, पण भरून चार-पाच वर्षं टिकली असती. खराब दाढ अजून तिच्या तोंडातच आहे."

बाहेर कुणाचं तरी लहान मूल रडत होतं. अधिकरावांनी दाढ उचलली, पिवळ्या बोटांत धरून खिडकीच्या उजेडात फिरवली. सोन्याचा तुकडा बघावा तशी, सगळ्या बाजूंनी.

"पोरीला धोका?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"ह्या जागी नवा येनार का न्हाई?"

"येणार. पण अकरा-बारा वर्षांची झाल्यावर," मी म्हणाले. "तोपर्यंत जागा मोकळी राहिली तर मागची मोठी दाढ पुढं सरकते. मग नव्या दाताला यायला जागा उरत नाही. तो वाकडातिकडा येतो, नाहीतर आतच अडकतो."

"मंग?"

आता मॅडम पुढं झाल्या. त्यांनी प्राजक्तालाच विचारलं, "एसटीत खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरतात, बघितलंयस?"

प्राजक्तानं बोळ्यासकट मान हलवली.

"तसा रुमाल टाकायचा तुझ्या दातासाठी. स्टीलचा. मागच्या दाढेला एक कडं, त्याला तारेचा फास. नवा दात आला की म्हणायचं, ऊठ, माझी जागा आहे."

एकीकडचा रुमाल लागणारच होता, दुसरीकडचा माझ्यामुळं लागणार होता. मॅडमनी तेही सांगितलं, आणि दोन्हींचे पैसे दवाखाना घेणार नाही हेही. अधिकरावांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी दाढ परत ट्रेमध्ये ठेवली आणि मग खुर्चीवर बसले. मुलीला मांडीवर घेतलं.

"आमच्या धंद्यात घट येती," ते म्हणाले. "माल आटवताना वजन कमी भरतं. कदी भट्टीतली मूस फुटती, कदी आपलं ध्यान न्हाई. मला आमच्या आन्नांनी पयल्या दिवशी सांगितल्यालं. घट आली तर मालकानं वजनाचा काटा काढायच्या आदी आपन जाऊन सांगायचं. मालक शिव्या घालंल, घालू दे." त्यांनी मुलीच्या डाव्या गालाकडे पाहिलं. "डावी कदी काढायची?"

"सोमवारी," मॅडम म्हणाल्या. "आज दुसरीकडे भूल द्यायला नको, जीभ चावेल ती. मी स्वतः काढते."

"न्हाई. ह्यांनीच काढायची."

मला वाटलं माझी थट्टा चाललीय. "मॅडमचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे," मी म्हणाले.

"असंल की. पन आता तुमच्याइतकं निरखून दुसरं कोन बगनार हाय?"

ते निघून गेल्यावर मी आतल्या अंधाऱ्या खोलीत गेले आणि लाल बल्बखाली उभी राहून पोटभर रडले. मावशींनी बाहेरून विचारलं, "फोटू धुताय का म्याडम?" मी हो म्हणाले.

सोमवारी प्राजक्ता आली तेव्हा तिच्या डाव्या गालावर निळ्या बॉलपेनची भलीमोठी फुली होती.

"हे काय गं?"

"मी केलीया," ती म्हणाली. "चुकू ने म्हनून."

मावशी तोंडाला पदर लावून बाहेर पळाल्या. मॅडम एरवी हसत नसत, त्याही हसल्या. मी मात्र त्या फुलीबाबत पुरती गंभीर होते. फिल्मचं टिंब तीनदा चाचपलं, दाढेवर हलकेच ठोकून बघितलं, तिनं "आई गं" म्हटल्यावर मगच भूल दिली. ही दाढ निघाली ती मुळाशी पिकलेल्या पिशवीसकट. मी ती अधिकरावांना दाखवली. त्यांनी फक्त मान हलवली.

कडी आणि फास मॅडम दवाखान्याच्या मागच्या खोलीतच जोडत. माप घेऊन प्लास्टरचा जबडा करायचा, त्यावर कडं बसवायचं, तार वाकवायची आणि छोट्या गॅसच्या ज्योतीवर चांदीचा डाक लावून दोन्ही सांधायचं. गुरुवारी अधिकराव ते बघायला येऊन बसले. मॅडमच्या हातावरून त्यांची नजर हलत नव्हती.

"डाक धरायला टाकनखार लावताय काय?"

"त्याच्याच जातीतला आहे. स्टीलला साधा टाकणखार पुरत नाही."

"ज्योत जरा आत घ्या. निळ्याच्या टोकाला."

मॅडमनी ज्योत आत घेतली. डाक पाण्यासारखा धावला आणि सांध्यात बसला. वीस वर्षं हेच काम करणारी बाई मान वर करून म्हणाली, "हे मला कुणी सांगितलं नव्हतं." मग दुसरा सांधा त्यांनी अधिकरावांना करायला दिला. त्यांनी तो असा केला, की नंतर घासायची गरजच पडली नाही. मी तार धरून उभी होते आणि त्या दोघांकडे बघताना मला माझ्या दुसऱ्या नंबराची पहिल्यांदाच लाज वाटली.

शुक्रवारी दोन्ही कडी सिमेंटनं बसवली. मॅडमनी अधिकरावांना सांगितलं, "वर्षभर तुम्ही तिकडे असणार. तेव्हा दर रविवारी बॅटरी घेऊन तोंडात बघायचं. कडं हलतंय का आणि तार हिरडीत रुततेय का. चिक्की नाही, च्युइंगम नाही. काही बिघडलं तर ही चिठ्ठी तिथल्या डॉक्टरला दाखवायची आणि मला कळवायचं."

कुणी एवढं करत नाही. बॅटरी दोन रविवार निघते, तिसऱ्या रविवारी विसरते. आमच्याकडे मात्र सेलमहून दर महिन्याला पोस्टकार्ड यायला लागलं. त्यावर तारखेनिशी चार रविवार लिहिलेले असायचे आणि प्रत्येकापुढे: कडं ठीक, तार ठीक. एकदा लिहिलं होतं: "डावं कडं हलतंय असं वाटलं. दोनदा बघितलं. जीभ हलत होती." दुसऱ्या वर्षी खरंच एक कडं सुटलं, तेव्हा त्यांनी ते डबीत घालून ठेवलं, मुलीला तिथल्या डॉक्टरकडे नेलं आणि त्याच दिवशी परत बसवून घेतलं. मॅडमनी ती सगळी कार्डं टेबलाच्या खणात जपून ठेवली होती.

दर मे महिन्यात ते यायचे. मी तपासायचे, फोटो काढायचे. एकदा पुढच्या दुधाच्या दाढा पडल्या म्हणून तारा बदलाव्या लागल्या. पुण्याचा विषय दरवर्षी निघायचा आणि मीच तो पुढच्या वर्षावर ढकलायचे. प्राजक्ताचे नवे दात यायच्या आधी मला विटं सोडायचं नव्हतं, पण हे कुणाला सांगायचं म्हणजे हसं झालं असतं.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात प्राजक्ता अकरा वर्षांची होऊन आली. तोंड उघडल्यावर मला बॅटरीची गरजही पडली नाही. दोन्हीकडे दोन नव्या दाढांची टोकं वर आली होती, बरोबर मधोमध, धरलेल्या जागेत. मी दोन्ही कडी काढली. तिनं जिभेनं दोन्ही बाजू चाचपल्या आणि म्हणाली, "उठला की रुमाल."

अधिकरावांनी ती कडी मागून घेतली. रुमालात बांधता बांधता म्हणाले, "डॉक्टर, एक सांगू? त्या दिवशी तुमी सांगायच्या आदीच मला ठावं हुतं."

"काय ठाऊक होतं?"

"पोर कापूस चावत बाहेर आली. कापूस उजवीकडं. आन् ती दोन म्हयनं उजवीकडनंच जेवत हुती. दुखरी डावी हाय हे तिच्या आईला ठावं, मला ठावं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलनारच हुतो. दारापातूर आलो बी हुतो. मंग म्हनलं, बसावं. बगू काय सांगत्यात." त्यांनी रुमालाची गाठ मारली. "काटा आमी बाहेरच काढला हुता डॉक्टर."

"आणि मी खोटं सांगितलं असतं तर?"

"काय न्हाई. पोरीला उचलून गेलो असतो. भांडलो बी नसतो. परत ह्या पायऱ्या चढलो नसतो. मंग डावी सेलमात कुनीबी उपटली असती, आन् जागा धरायची असती हे आमाला कुनी सांगितलं असतं?"

प्राजक्ता आरशात स्वतःचे दात बघत होती. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. ज्या माणसाला मी काही कळणार नाही म्हणून चकवायला निघाले होते, तो दाराबाहेर बसून माझ्या खरं बोलण्याची वाट बघत होता. आणि मी त्याला साधा एक प्रश्न विचारला असता, जेवताना ही कुठल्या बाजूनं चावते म्हणून, तर पुढचं काहीच घडलं नसतं. आता मी हा प्रश्न प्रत्येक आईबापाला विचारते. फोटो नंतर.

संध्याकाळी दवाखाना आवरताना हे सगळं मी मॅडमना सांगितलं. त्या हत्यारं मोजून डब्यात ठेवत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला.

"बाहेरच कळलं होतं?"

"हो. कापूस बघून."

त्यांनी डबा बंद केला, हात धुतले, पर्स घेतली. पायऱ्या उतरून रोज त्या डावीकडे मागच्या गल्लीला वळायच्या. आज तिथं उभ्या राहिल्या आणि उजवीकडे, बसस्टँडच्या रस्त्याकडे बघू लागल्या. साठीच्या त्या बाईचा चेहरा मी पहिल्यांदाच घाबरलेला पाहिला.

मी कुलूप मावशींकडे दिलं आणि त्यांच्याजवळ गेले. "मी आहे तुमच्याबरोबर, मॅडम."

त्या माणसाचं घर फार लांब नव्हतं. पाच मिनिटांच्या रस्त्यासाठी त्यांनी अठरा वर्षं वळसा घातला होता. अंगणात खाटेवर एक म्हातारा शेंगा फोडत बसला होता. मॅडमनी फाटकाची कडी काढली तशी त्यानं मान वर केली. डोळ्यांवर हात धरून थोडा वेळ पाहिलं. मग उठला, अंगावरची टरफलं झटकली आणि आत वळून आवाज दिला, "अगं, दोन कप च्या टाक. डॉक्टरीनबाई आल्याती."

मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तीन टाक," तो म्हणाला आणि खाटेवरच्या शेंगा बाजूला सारून त्यानं मॅडमना बसायला जागा केली.